लघवीचं कल्चर: डबी भरण्यापासून रिपोर्ट वाचण्यापर्यंत

सुदामा नगरातल्या ओळखीच्या एका काकूंनी भर मे महिन्यात मला व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ होती: "निगेटिव्ह आलं गं, गोळ्या बंद केल्या." फोटो मोठा करून पाहिला, तर रिपोर्टवर 'ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय' लिहिलेलं, पुढे ई. कोलाय हे जंतूचं नाव, आणि संख्या एक लाखाच्या वर. ग्रॅम निगेटिव्ह हा जंतूंचा एक गट आहे. ग्रॅमच्या रंगात जे जंतू गुलाबी दिसतात ते ग्रॅम निगेटिव्ह, जांभळे दिसतात ते ग्रॅम पॉझिटिव्ह. रिपोर्ट चांगला की वाईट, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. काकूंना भरपूर इन्फेक्शन होतं, अंगात ताप होता, आणि गोळ्या दोन दिवसांपासून कपाटात पडल्या होत्या.

इंदूरच्या प्रयोगशाळांमध्ये कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायच्या, प्लेटा वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली. अशा चुका रोज दिसतात. कुणाला 'सेन्सिटिव्ह' म्हणजे त्या औषधाची ॲलर्जी वाटते. कुणी 'रेझिस्टंट' वाचून आपली प्रतिकारशक्ती चांगली आहे म्हणून खूश होतो. आपल्याकडे रिपोर्ट छापला जातो इंग्रजीत, डॉक्टर समजावतात हिंदीत, आणि घरी येऊन त्याचा अर्थ लावायचा मराठीत. तीन भांड्यांतून ओतताना थोडं सांडतंच.

सगळ्यात जास्त कल्चरं लघवीची होतात, म्हणून इथे मुख्यतः त्याचंच सांगते. पू, रक्त, थुंकी आणि विडाल (टायफॉइडसाठी करतात ती रक्ताची तपासणी) यांचं शेवटी थोडक्यात. हे वाचून औषध स्वतः निवडायचं नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर कागदावर काय लिहिलंय ते कळावं आणि नमुना आपल्याच हातून बिघडू नये, एवढ्यासाठी हे लिहिलं आहे.

टप्पा १: डबी हातात घेण्याआधी

पहिला प्रश्न: अँटिबायोटिक सुरू केलंय का? मेडिकलवरून आणलेली एखादी गोळी, मागच्या वेळची उरलेली पट्टी, शेजारच्या डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन, हे सगळं यात धरायचं. एकदोन डोस पोटात गेले तरी लघवीत औषध उतरतं आणि प्लेटवर जंतू वाढत नाहीत. मग 'नो ग्रोथ' येतो आणि त्रास तर चालूच असतो. म्हणून आधी नमुना, मग पहिली गोळी. औषध सुरू झालंच असेल, तर स्वतःच्या मनाने बंद करून थांबू नका. औषधाचं नाव आणि किती डोस झाले ते फॉर्मवर लिहायला सांगा.

दुसरा प्रश्न: नक्की कोणती तपासणी लिहिली आहे? 'पेशाब की जांच' म्हटलं की काउंटरवरचा मुलगा रुटीनची साधी डबी पुढे करतो. रुटीन म्हणजे त्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली लघवी. कल्चर म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखायचे. कल्चरला निर्जंतुक, सीलबंद, घट्ट झाकणाची डबीच लागते. दोन्ही तपासण्या असतील तर एकाच निर्जंतुक डबीत द्या आणि आधी कल्चर लावायला सांगा. घरची लोणच्याची बरणी किंवा सिरपची बाटली उकळून आणणारे आजही येतात. उकळून भागत नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. लघवी लवकर यावी म्हणून लोक प्रयोगशाळेच्या बाकावर बसून लिटरभर पाणी पितात. त्याने लघवी पातळ होते आणि जंतूंची मोजणी खोटी कमी दिसते. सकाळची पहिली लघवी उत्तम. ते जमत नसेल तर निदान तीन-चार तास मूत्राशयात साठलेली असावी. दर दहा मिनिटांनी पळावं लागतंय अशा माणसाला हे शक्य नसतं. त्याने आहे ती द्यावी आणि तसं सांगावं.

फॉर्मवर लक्षणं, गरोदरपण, मधुमेह, मुतखडा, कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी), अलीकडचं ऑपरेशन यातलं जे असेल ते लिहा. एकच प्लेट गरोदर बाईची असेल तर आम्ही वेगळ्या नजरेने वाचतो. तिच्यात ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस हा जंतू थोडासा दिसला तरी कळवायचा असतो, कारण बाळंतपणात तो बाळापर्यंत जाऊ शकतो.

*सावधान:* थंडी वाजून ताप, पाठीत बरगडीखाली कळ, उलट्या, किंवा गरोदरपणात ताप असेल तर रिपोर्टची वाट पाहत घरी बसायचं नाही. दवाखान्यात जायचं, तिथे आधी नमुना घेतात आणि लगेच औषध सुरू करतात.

टप्पा २: नमुना घेणं

इथे सगळ्यात जास्त गडबड होते, आणि कुणी नीट समजावतही नाही. संडासाच्या दाराशी डबी हातात देऊन "भरून आणा" एवढंच सांगतात.

१. हात साबणाने धुवा. डबीचं झाकण अजून उघडू नका.

२. बायकांनी लघवीची जागा साध्या स्वच्छ पाण्याने पुढून मागे अशी धुवावी आणि बोटांनी दोन्ही बाजू बाजूला धरून ठेवाव्यात. पुरुषांनी पुढची कातडी मागे सारून धुवावं. डेटॉल किंवा सॅव्हलॉन वापरू नका. त्याचे थेंब डबीत गेले तर आतले जंतू तिथेच मरतात.

३. झाकण उघडून आतली बाजू वर येईल असं ठेवा. झाकणाला किंवा डबीच्या काठाला आतून बोट लावू नका.

४. सुरुवातीची धार कमोडमध्ये सोडा. धार न थांबवता मधली लघवी डबीत घ्या. अर्धी डबी पुष्कळ झाली. शेवटची पुन्हा कमोडमध्ये.

५. झाकण घट्ट लावा. नाव डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नाही. झाकणं अदलाबदल होतात, आणि मग एकीचं ई. कोलाय दुसरीच्या नावावर जातं.

सुरुवातीची धार मूत्रमार्गाच्या तोंडाशी राहणारे जंतू धुऊन नेते. ती डबीत आली तर आम्ही त्वचेवरचे जंतू मोजत बसतो. 'मधली धार' हा सोपस्कार वाटतो, पण रिपोर्टचा अर्धा खरेपणा त्यातच आहे.

लहान बाळाला चिकटवायची पिशवी लावून घेतलेल्या नमुन्यात त्वचेवरची आणि शीची भेसळ फार होते. असा नमुना 'नो ग्रोथ' आला तर खरा मानावा. वाढ आली तर केवळ त्यावरून इन्फेक्शन ठरवता येत नाही, नमुना पुन्हा नीट घ्यावा लागतो.

कॅथेटर असलेल्या आजी-आजोबांच्या बाबतीत घरची माणसं सर्रास खालच्या पिशवीची तोटी उघडून डबी भरतात. त्या पिशवीत लघवी तासन्‌तास पडलेली असते, तिच्यात काहीही वाढलेलं असू शकतं. नमुना नळीवर असलेल्या खास जागेतून, ती पुसून, सुईने घ्यायचा असतो. हे नर्सचं काम. नळी दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस असेल तर आधी ती बदलून नव्या नळीतून नमुना घेणं चांगलं. काढलेल्या कॅथेटरचं टोक कापून कल्चरला पाठवण्यात अर्थ नसतो, तो नमुना आम्ही परत करतो.

*पडताळा:* मासिक पाळी चालू होती का? मधली धार जमली का? झाकण गळत नाही ना? काही चुकलं असेल तर लपवू नका, नवी डबी मागा. नवी डबी स्वस्त पडते, चुकीच्या रिपोर्टावरची पाच दिवसांची औषधं महाग पडतात.

टप्पा ३: डबी वेळेत पोचवणं

लघवी म्हणजे जंतूंसाठी बऱ्यापैकी जेवण. ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे एकाचे तासाभरात आठ आणि दोन तासांत चौसष्ट. सकाळी आठला भरलेली डबी मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ठेवून, वाटेत पोहे-जिलबी खाऊन, बँकेचं काम उरकून बाराला काउंटरवर आली, तर आतल्या चार जंतूंचं गाव झालेलं असतं. मग रिपोर्टमध्ये एक लाखाच्या वर आकडा येतो आणि निरोगी माणसाला गोळ्या लागतात.

नियम साधा आहे. दोन तासांच्या आत डबी प्रयोगशाळेत. उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. ते जमणार नसेल तर लगेच फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको. अशी डबी चोवीस तासांपर्यंत चालते, पण पोचवताना बर्फाच्या पिशवीसोबत न्यायची. काही प्रयोगशाळा बोरिक ॲसिड घातलेली डबी देतात. तिच्यात जंतू वाढत नाहीत, पण रेघेपर्यंत लघवी भरणं आवश्यक आहे. कमी भरली तर ॲसिडचं प्रमाण जास्त होऊन जंतूंनाच मार बसतो.

घरून नमुना नेणाऱ्या मुलाला दोनच प्रश्न विचारा: इथून पुढे किती घरं बाकी आहेत, आणि पेटीत बर्फ आहे का? विजय नगरहून निघून राजेंद्र नगरपर्यंत बारा घरं करत तो दुपारी पोचणार असेल, तर डबी स्वतः नेऊन द्या.

*सावधान:* फ्रिजचा हा नियम रक्ताच्या कल्चरच्या बाटलीला लावू नका. ती बाटली कधीच फ्रिजमध्ये ठेवायची नाही, बाहेरच ठेवून लवकरात लवकर पाठवायची.

टप्पा ४: दोन-तीन दिवस वाट पाहणं

"सकाळी दिलं, संध्याकाळी मिळेल ना?" नाही मिळणार. पहिल्या दिवशी लघवीचा मोजका थेंब प्लेटवर पसरून ती सुमारे ३५ ते ३७ अंशांवर ठेवतात. अठरा ते चोवीस तासांनी वसाहती दिसतात. दुसऱ्या दिवशी जंतू ओळखायचा आणि औषधांची चाचणी लावायची. ती वाचायला आणखी एक दिवस. मशीन असेल तर काही तास वाचतात, जंतू वाढायचा वेळ मात्र वाचत नाही.

मधल्या काळात एखादा कागद किंवा मेसेज येतो, त्यावर 'प्रिलिमिनरी' किंवा 'इंटरिम' असं लिहिलेलं असतं. त्यावर 'नो ग्रोथ' असेल तर चोवीस तासांत वाढ नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो हातात घेऊन औषध बदलू नका. 'फायनल' शब्दाची वाट पाहा.

टप्पा ५: आधी कागदाचा वरचा भाग

रिपोर्ट हातात आला की सगळ्यांची नजर थेट औषधांच्या तक्त्याकडे जाते. तक्ता सगळ्यात शेवटी पाहायचा. आधी वर हे पाहा:

नाव, वय आणि लिंग बरोबर आहेत का. नमुन्याचा प्रकार काय लिहिला आहे: मधल्या धारेची लघवी, कॅथेटरची, की नुसतंच 'युरिन'. नमुना किती वाजता घेतला आणि किती वाजता मिळाला. या दोन वेळांत चार-पाच तासांचं अंतर असेल आणि डबी फ्रिजबाहेर होती हे तुम्हाला आठवत असेल, तर खालचा सगळा तक्ता संशयाने वाचा.

मग सूक्ष्मदर्शकाची ओळ. पस सेल्स म्हणजे पांढऱ्या पेशी. जंतूंशी झगडा चालू असेल तर त्या दिसायलाच हव्यात. एपिथीलियल सेल्स म्हणजे अस्तराच्या पेशी. त्या भरपूर असतील तर त्वचेवरची भेसळ आली, मधली धार चुकली असं समजा. पस सेल्स नाहीत, एपिथीलियल सेल्स भरपूर आणि तरी खाली जंतूचं नाव, असा रिपोर्ट दिसला की माझा हात आधी फोनकडे जातो: "नमुना कसा घेतला होता हो?"

उलटही होतं. पस सेल्स पुष्कळ आणि कल्चर 'नो ग्रोथ'. याची कारणं बरीच आहेत: आधीच घेतलेलं अँटिबायोटिक, मुतखडा, साध्या प्लेटवर न वाढणारे जंतू, आणि मूत्रमार्गाचा क्षयरोग. हे पुन्हापुन्हा येत असेल तर 'काही निघालं नाही' म्हणून कागद फेकून देऊ नका. क्षयाची तपासणी करावी का, ते डॉक्टरांना विचारा.

टप्पा ६: आकडा

रिपोर्टवर '१०५ सीएफयू प्रति मिली' असं दिसतं आणि लोक एकशे पाच वाचतात. मुळात तो १० आणि त्याच्या डोक्यावर लहान ५ असतो, म्हणजे एक लाख. छपाईत तो लहान ५ खाली उतरतो. तसंच '१०३' म्हणजे एक हजार आणि '१०४' म्हणजे दहा हजार. सीएफयू म्हणजे प्लेटवर स्वतंत्र वसाहत उभी करू शकणारा जिवंत जंतू किंवा त्यांचा पुंजका. आमची नमुना उचलायची तार एका वेळी लघवीचा एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलीलिटरचा हजारावा भाग उचलते. म्हणून प्लेटवर एक वसाहत दिसली तर मिलीमागे एक हजार धरतात, आणि शंभर दिसल्या तर एक लाख.

एक लाख हा जुना, सर्वमान्य उंबरठा. पण तो भिंतीसारखा धरू नका. जळजळ आणि वारंवार लघवी होणाऱ्या बाईत एकाच जातीचा ई. कोलाय हजारांत असला तरी तो खरा असू शकतो. पुरुषांत, आणि कॅथेटरमधून नीट घेतलेल्या नमुन्यातही कमी संख्येला किंमत असते. उलट, काहीच त्रास नसलेल्या माणसात एक लाख असूनही औषध लागत नाही, असं बरेचदा असतं. त्याबद्दल नवव्या टप्प्यात.

'मिक्स्ड ग्रोथ' किंवा 'तीनपेक्षा जास्त प्रकारचे जंतू' असं लिहिलं असेल, तर बहुतेक वेळा ती भेसळ असते. "इतके जंतू! मग मोठंच इन्फेक्शन असेल" असं घाबरून लोक विचारतात. नाही. नमुना पुन्हा द्या. अशा रिपोर्टबरोबर आम्ही औषधांचा तक्ता देत नाही. पैसे घेऊन अर्धवट काम केलं असं वाटून लोक काउंटरवर भांडतात, पण चुकीच्या जंतूचा तक्ता दिला तर त्याहून वाईट.

टप्पा ७: जंतूचं नाव

ई. कोलाय सगळ्यात नेहमीचा. आतड्यात राहणारा, तिथून चुकून मूत्रमार्गात आलेला. त्याच्यामागे क्लेब्सिएला. प्रोटियस दिसला तर मुतखड्याचं विचारा, कारण हा जंतू युरिया फोडून लघवी अल्कधर्मी करतो आणि त्यात एका प्रकारचे खडे तयार होतात. स्यूडोमोनास बहुधा कॅथेटर, ऑपरेशन किंवा दवाखान्यातला मुक्काम सांगतो. कॅन्डिडा ही बुरशी आहे. मधुमेहात किंवा कॅथेटरमध्ये ती बरेचदा नुसतीच वस्तीला असते. स्टॅफिलोकोकस ऑरियस लघवीत निघाला तर तो रक्तातून तिथे आला नाही ना, याचा विचार डॉक्टर करतात. लॅक्टोबॅसिलस किंवा डिफ्थेरॉइड्स हे त्वचेवरचे आणि योनीमार्गातले नेहमीचे रहिवासी, त्यांच्यामागे लागू नये.

टप्पा ८: एस, आय, आर

आता तक्ता. हे सगळे शब्द जंतूबद्दल आहेत, तुमच्याबद्दल नाहीत. हे एक वाक्य रिपोर्टच्या कोपऱ्यात मराठीत लिहून ठेवा.

एस (सेन्सिटिव्ह) म्हणजे हा जंतू नेहमीच्या डोसमध्ये या औषधाला बळी पडतो. आर (रेझिस्टंट) म्हणजे पडत नाही. आय म्हणजे मधला. यात एक गुंता आहे. अमेरिकी नियमावलीनुसार रिपोर्ट दिला असेल तर आय म्हणजे 'इंटरमिजिएट', खात्री कमी. युरोपीय नियमावलीनुसार दिला असेल तर आय म्हणजे 'डोस वाढवला तर चालेल'. रिपोर्टच्या तळाशी सीएलएसआय (अमेरिकी) किंवा युकास्ट (युरोपीय) यापैकी एक नाव असतं, ते पाहा. ॲलर्जीबद्दल या तक्त्यात अक्षरही नसतं. पेनिसिलिनने अंगावर पित्त उठत असेल, तर तक्त्यात एस असला तरी ते डॉक्टरांना सांगायचं काम तुमचं.

मोठी चूक इथे होते: आकड्यांची तुलना. मशीनच्या रिपोर्टमध्ये एमआयसीचा रकाना असतो, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण. लोक सगळ्यात लहान आकडा शोधतात आणि 'हेच सगळ्यात जोरदार' म्हणून मेडिकलवर जातात. प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी असते. ई. कोलायसाठी सीएलएसआयच्या सध्याच्या नियमात सिप्रोफ्लॉक्सासिन ०.२५ पर्यंत एस, ०.५ ला आय आणि १ किंवा त्याहून जास्त असेल तर आर. नायट्रोफ्युरँटॉइन मात्र ३२ पर्यंत एस. म्हणजे सिप्रोचा ०.५ हा मधला आणि नायट्रोफ्युरँटॉइनचा १६ चांगला. दोन आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. डिस्कभोवतीच्या, म्हणजे औषधाच्या चकतीभोवती जंतू न वाढलेल्या, वर्तुळाचे मिलिमीटर दिले असतील तरी हेच. मोठं वर्तुळ म्हणजे मोठं औषध नव्हे.

दुसरी चूक: एस असलेल्यांतलं सगळ्यात 'भारी' औषध मागणं. इंजेक्शनचं, महागडं, यादीच्या शेवटी असलेलं. मेरोपेनेमसारखी औषधं अतिगंभीर रुग्णांसाठी राखून ठेवायची असतात. म्हणूनच पुष्कळ प्रयोगशाळा साधी औषधं लागू पडत असतील तर वरच्या पायरीची औषधं रिपोर्टवर छापतच नाहीत. 'फक्त सातच औषधं तपासली' अशी तक्रार करण्याआधी हे लक्षात घ्या. चाचणी झालेली असते, ती गरजेशिवाय दाखवत नाहीत.

'डॉक्टरांनी दिलेलं औषध यादीत नाहीच' हाही नेहमीचा प्रश्न. काही औषधं एकमेकांची प्रतिनिधी असतात. अँपिसिलिनचा निकाल अमॉक्सिसिलिनलाही लागू होतो. टेट्रासायक्लिनला एस असलेला जंतू डॉक्सिसायक्लिनलाही एस धरतात. काही औषधं मुद्दाम गाळलेली असतात, कारण त्या जंतूवर ती जन्मतःच चालत नाहीत: क्लेब्सिएलावर अँपिसिलिन, प्रोटियसवर नायट्रोफ्युरँटॉइन, एंटेरोकोकसवर सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं.

आणखी एक गोष्ट तक्ता सांगत नाही: औषध कुठे पोचतं. नायट्रोफ्युरँटॉइन आणि तोंडाने घ्यायचं फॉस्फोमायसिन मूत्राशयातल्या लघवीत भरपूर उतरतात, पण मूत्रपिंडाच्या मांसात आणि रक्तात पुरेसे पोचत नाहीत. जळजळ असलेल्या बाईला चालतील, पाठीत कळ आणि थंडीताप असलेल्या बाईला नाही. कागदावर दोघींचा एस सारखाच दिसेल.

तळाशी 'ईएसबीएल' लिहिलं असेल, तर हा जंतू असं एंझाइम तयार करतो ज्याने सेफ्ट्रायाक्सोन, सेफिक्झिमसारखी औषधं निकामी होतात. शब्द भारी आहे म्हणून लगेच आयसीयूची तयारी करू नका. साधी मूत्राशयाची जळजळ असेल तर ईएसबीएल जंतूवरही तोंडाने घ्यायचं औषध बरेचदा लागू पडतं. तक्त्यात नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिनपुढे एस आहे का, ते डॉक्टरांना दाखवा.

*पडताळा:* तुम्ही आधीपासून घेत असलेलं औषध तक्त्यात कुठे आहे? आर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, बरं वाटत असलं तरी. एस असेल आणि ४८ ते ७२ तासांत फरक नसेल, तरीही फोन करा. खडा, अडकलेली लघवी किंवा पू साठलेला असेल तर नुसत्या गोळीने भागत नाही.

टप्पा ९: त्रास आहे का?

हा प्रश्न खरं तर कल्चर लिहून घेण्याआधी विचारायला हवा. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये कल्चर घुसडलेलं असतं, आजींना काहीच त्रास नसतो, आणि रिपोर्टमध्ये क्लेब्सिएला एक लाख. घरात धांदल. वयस्कर बायकांत, मधुमेहात, आणि कॅथेटर असलेल्यांत लघवीत जंतू असणं आणि त्रास काहीच नसणं हे नेहमीचं आहे. त्यावर औषध देऊन फायदा होत नाही, उलट पुढच्या वेळी जास्त चिवट जंतू निघतो. दोन ठळक अपवाद आहेत: गरोदर बाई, आणि मूत्रमार्गाच्या आतून रक्त येईल अशी शस्त्रक्रिया व्हायची असलेला रुग्ण.

लघवीला वास येतो किंवा ती गढूळ दिसते, एवढ्यावरून कल्चर करायला धावू नका. आधी पाणी किती पिता ते पाहा.

बरं झाल्यावर 'जंतू गेले की नाही बघायला' पुन्हा कल्चर करणंही बहुतेकांना लागत नाही. गरोदरपणात करतात.

टप्पा १०: बाकीचे रिपोर्ट, थोडक्यात

पू: वरवरच्या बोळ्यापेक्षा सिरिंजने ओढलेला पू किंवा आतला तुकडा चांगला. जुन्या जखमेच्या पृष्ठभागावर जंतू असतातच. मधुमेही पायाच्या जखमेवर बोळा फिरवून आलेल्या पाच जंतूंच्या यादीला फारशी किंमत देऊ नका. जखम लाल, गरम, सुजलेली आहे का, ते पाहणं महत्त्वाचं.

रक्त: मोठ्या माणसात प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त लागतं, आणि दोन वेगळ्या जागांवरून घेतलेलं. "एवढं रक्त कशाला काढता" म्हणून नातेवाईक अडवतात आणि मग दोन मिलीत जंतू सापडत नाही. मशीनमध्ये बाटल्या साधारण पाच दिवस ठेवतात. एकाच बाटलीत कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस निघाला तर तो बहुधा त्वचेवरून आलेला असतो. ई. कोलाय किंवा साल्मोनेला टायफी (टायफॉइडचा जंतू) एकाच बाटलीत निघाला तरी खरा धरतात.

टायफॉइड आणि विडाल: पावसाळ्यात इंदूरला ज्याला त्याला 'टायफॉइड निघालेला' असतो, आणि तो निघतो एका विडालवर. विडाल जंतू शोधत नाही, रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण मोजते. ती पूर्वीच्या आजाराने, लसीने, दुसऱ्या तापानेही वाढलेली असू शकतात. म्हणून एकाच विडालचा '१:८०' किंवा '१:१६०' हा आकडा निदान ठरत नाही. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन आकडा चौपट झाला तर त्याला अर्थ. टायफॉइडची खरी तपासणी पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिकच्या आधी घेतलेलं रक्ताचं कल्चर. बरं झाल्यावर विडाल पुन्हा करून 'अजून पॉझिटिव्हच आहे' म्हणून औषध लांबवू नका, प्रतिपिंडं महिनोन्‌महिने राहतात.

थुंकी: सकाळी चूळ भरून, खोल खोकून काढलेला घट्ट बेडका हवा, लाळ नको. रिपोर्टमध्ये एपिथीलियल सेल्स भरपूर असतील तर लाळच गेली होती. क्षयाच्या स्लाइडवर 'स्कँटी, १+, २+, ३+' ही जंतूंच्या संख्येची प्रतवारी आहे, आजाराचा 'स्टेज' नाही. स्लाइड निगेटिव्ह आली तरी क्षय नाही असं होत नाही, कारण मिलीमागे हजारो जंतू असल्याशिवाय ते स्लाइडवर दिसत नाहीत. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी त्याहून कमी जंतू पकडते आणि रिफँपिसिन हे क्षयाचं औषध चालेल का तेही सांगते. ती सरकारी क्षयरोग केंद्रात मोफत होते. उपचार चालू असताना प्रगती पाहायला मात्र ती वापरत नाहीत, मेलेल्या जंतूंचा डीएनएही तिच्यात दिसतो. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून क्षय ओळखण्याच्या किटवर भारतात २०१२ पासून बंदी आहे, कुणी तसं सुचवलं तर नाही म्हणा.

टप्पा ११: डॉक्टरांकडे नेताना

पूर्ण रिपोर्ट न्या, सगळी पानं. मागच्या वर्षभरातली जुनी कल्चरंही न्या. मागच्या वेळी ईएसबीएल निघालेला असेल तर नवा रिपोर्ट येण्याआधीच डॉक्टर औषध वेगळं निवडतात. घेतलेल्या गोळ्यांची पट्टी सोबत ठेवा. रिपोर्टवर औषधाचं मूळ नाव असतं आणि पट्टीवर कंपनीचं नाव मोठं असतं. मूळ नाव पट्टीवर बारीक अक्षरांत सापडेल, दोन्ही जुळवून घ्या.

विचारायचं एवढंच: हा जंतू माझ्या त्रासाचं कारण आहे का, की नमुना पुन्हा द्यावा? औषध किती दिवस? कोणत्या लक्षणावर परत यायचं?

आणि फोनवर फोटो पाठवायचाच झाला तर अख्ख्या पानाचा पाठवा. काकूंच्या फोटोत वरच्या दोन ओळी कापल्या गेल्या होत्या. मी पुन्हा फोटो मागवला तेव्हा कळलं, डबी सकाळी सातला भरली होती आणि पोचली पावणेआठला. म्हणजे तो एक लाख खरा होता. काकू त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेल्या.